स्क्रीनवरचा आकडा खरा कशावरून?

ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे असं वाटलं की आपण काय करतो? खिशातून मोबाइल काढतो. मोबाइल चुकत असेल अशी शंकाही येत नाही, कारण तो वेळ नेटवर्कला विचारतो. पण घड्याळ तुम्हीच बनवलेलं असेल तर? आणि त्याच्या भरवशावर गाडी पकडायची असेल तर? घरच्या घरी हॅम रेडिओ बनवणाऱ्या मंडळींपुढे नेमका हाच सवाल असतो!

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. सरकारची परीक्षा द्या, परवाना मिळवा, स्वतःची कॉलसाइन घ्या आणि घरातून थेट जपान किंवा इटलीतल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारा. मधे ना मोबाइल कंपनी, ना रिचार्ज. तयार सेट महाग, म्हणून बरेच जण तो स्वतः बनवतात. भारतात या वेडाला खरी हवा दिली ती हैदराबादच्या अशहर फरहान यांनी (कॉलसाइन व्हीयू२ईएसई). त्यांच्या पहिल्या बिटएक्सची खासियत म्हणजे साधे, सहज मिळणारे पार्ट. कॉइल गुंडाळायला तर चक्क नळाचे वॉशर! पुढे २०१६ मध्ये बिटएक्स-४० आणि २०१७ च्या अखेरीस मायक्रो-बिटएक्स आला. साधारण १० वॉटचा, ३ ते ३० मेगाहर्ट्झ ऐकणारा सेट. जगभरातल्या हौशी मंडळींनी तो घेतला.

आता समजा तुम्हीही घेतलात. वायरी जोडल्या, डब्यात बसवला, बारा व्होल्ट दिले. स्पीकरमधून खरखर आली, स्क्रीनवर १४.२०० मेगाहर्ट्झ झळकलं. झालं, पार्टी!

जरा थांबा, बॉस. तो आकडा कुणी मोजलेला नाहीये.

अडीच कोटीतले सहाशे

या सेटमध्ये एसआय५३५१ नावाची छोटीशी चिप असते. रेडिओला लागणाऱ्या तिन्ही फ्रिक्वेन्सी तीच तयार करते. तिचा आधार एकच, शेजारी बसलेलं २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. ते सेकंदाला अडीच कोटी वेळा थरथरतं असं गृहीत धरून सगळं गणित केलेलं असतं. स्क्रीनवर दिसतं ते त्या गणिताचं उत्तर. प्रत्यक्षात क्रिस्टल २,४९,९९,४०० वेळाच थरथरत असेल, तर स्क्रीनला त्याचा पत्ताच नसतो.

अडीच कोटीत सहाशे म्हणजे दहा लाखात २४. तांत्रिक भाषेत २४ पीपीएम. स्वस्तातल्या क्रिस्टलला एवढी चूक माफ असते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १४ मेगाहर्ट्झवर हाच फरक जवळजवळ ३४० हर्ट्झ होतो. त्यानं काय बिघडतं?

एक म्हणजे आवाज. हॅमच्या सिंगल साइडबँड पद्धतीत दोन सेटमध्ये एवढा फरक असला की समोरचा माणूस डोनाल्ड डक तरी वाटतो नाहीतर कुंभकर्ण. तो डायल फिरवून तुम्हाला जुळवून घेईल म्हणा. पण वीस जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमलेत आणि तुम्ही एकटेच बेसूर, असं झालं तर? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या आणि अंदमानातले निरोप हॅम रेडिओवरून बाहेर पोचले. अशा वेळी नाव आणि पत्ता पहिल्या फटक्यात कळावा लागतो.

दुसरं, डब्ल्यूएसपीआर. नोबेल विजेते शास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली ही पद्धत अगदी मिणमिणता सिग्नलही जगाच्या दुसऱ्या टोकाला ओळखते. पण तिची खिडकी अवघ्या २०० हर्ट्झची आहे. तुम्ही ३४० हर्ट्झनं चुकलेले. म्हणजे रात्रभर सिग्नल पाठवत बसाल आणि कुणालाच ऐकू येणार नाही. तुम्ही मात्र अँटेनाला शिव्या घालत राहाल!

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या बँडला हद्द असते. २० मीटरचा बँड १४.३५० ला संपतो. हद्दीच्या काठावर बोलत असाल तर स्क्रीन म्हणेल आत आहात, आणि प्रत्यक्षात तुम्ही दुसऱ्याच्या अंगणात. परवाना तुमच्या नावावर आहे, क्रिस्टलच्या नाही.

चीनला विचारा

मग खरा आकडा विचारायचा कोणाला? त्याचीही सोय आहे. काही देश अणुघड्याळाला बांधलेले सिग्नल सतत प्रसारित करतात. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही प्रसिद्ध आहे, पण आपल्याला जवळचं चीनचं बीपीएम. दोन्हीही १० मेगाहर्ट्झवर असतात. कोणतंही लागलं तरी चालेल, कारण १० म्हणजे दोघांसाठीही १०च.

सेट अर्धा तास चालू ठेवा. क्रिस्टल गरम होताना सरकतं, ते एकदा स्थिरावू दे. मग डायल ९.९९९ मेगाहर्ट्झवर आणा आणि मोड यूएसबी आहे ना ते बघा. (पेनड्राइव्हवालं यूएसबी नव्हे हो, अपर साइडबँड!) आता १० मेगाहर्ट्झचा सिग्नल तुमच्या डायलपेक्षा बरोबर १००० हर्ट्झ वर आहे. म्हणजे स्पीकरमधून १००० हर्ट्झचा सलग सूर यायला हवा. सेकंदांची टिकटिक ऐकू आली तर तिच्याकडे लक्ष देऊ नका, मागची शिट्टी पकडा.

फोनवर एखादं फुकटचं स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या आणि स्पीकरसमोर धरा. १२४० दिसलं? म्हणजे तुमचा सेट २४० हर्ट्झ खाली बसलाय. तेच आपले २४ पीपीएम. सेटिंगच्या मेनूत जाऊन कॅलिब्रेशनचा आकडा हळूहळू बदला, सूर १००० वर येईपर्यंत. झालं काम.

चाणाक्ष वाचक विचारतील, फोनमध्येही क्रिस्टलच आहे ना? तो खोटं बोलला तर? झकास प्रश्न. समजा फोन ५० पीपीएमनं चुकतोय. पण तो मोजतोय १००० हर्ट्झचा सूर. त्यावर ५० पीपीएम म्हणजे ०.०५ हर्ट्झ. सोडून द्या! मोठ्या आकड्यातली चूक छोट्या आकड्यात आणून मोजायची, सगळी गंमत यातच आहे.

सिग्नल लागतच नाही? मग आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा. शहरातल्या फ्लॅटमध्ये रेडिओचे खरे शत्रू हेच. तरीही नाही जमलं तर वायरचा तुकडा घेऊन गच्चीवर जा.

आता आवाजाकडे

दुसरी पायरी बीएफओची. हा ऑसिलेटर आवाजाला फिल्टरच्या खिडकीत नीट बसवतो. अँटेना लावा, रिकाम्या जागी जा आणि नुसती खरखर ऐका. घशात बोलल्यासारखी दबलेली वाटते की शिट्टीसारखी किनरी? बीएफओ ५०-५० हर्ट्झनं सरकवत राहा. दोन्ही टोकं सोडून ती मोकळी वाटली की थांबा. मग खऱ्या माणसाचा आवाज लावून खात्री करून घ्या. इथे शेवटचा निर्णय कानाचा.

तिसरी पायरी पॉवरची, आणि इथे घाई नको. बोलण्याचं बटण दाबण्याआधी अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावा. तो घरीच बनतो. १ किलोओहम, १ वॉटचे २० रेझिस्टर शेजारी-शेजारी जोडले की ५० ओहम, २० वॉट तयार. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारा. फक्त वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, तो स्वतःच कॉइल होऊन बसतो.

शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० चे दोन ट्रान्झिस्टर असतात. हे मुळात स्विचिंगसाठी बनलेले, आपण त्यांना रेडिओच्या कामाला जुंपतो. दोघांचे बायस प्रीसेट आधी पूर्ण खाली करा. मग काहीही न बोलता बटण दाबा, मीटर बघत पहिला प्रीसेट इतकाच फिरवा की करंट १०० मिलिअँपिअरनं वाढेल. नंतर दुसराही तसाच. प्रीसेट भसकन फिरवलात तर ट्रान्झिस्टर धूर सोडून निरोप घेतो.

फ्रीजवर चिकटवा

• क्रम पाळा. आधी क्रिस्टल, मग बीएफओ, शेवटी पॉवर.
• कॅलिब्रेशनचे आकडे डब्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं की ते उडू शकतात.
• ऋतू बदलला की पुन्हा तपासा. मे महिन्यातलं क्रिस्टल आणि जानेवारीतलं क्रिस्टल सारखं वागत नाही.
• कितीही अचूक जमलं तरी बँडच्या काठापासून लांब राहा. २० मीटरवर तुमचा आवाज डायलच्या वर जवळजवळ ३ किलोहर्ट्झ पसरतो, म्हणून १४.३४६ च्या वर बोलूच नका.
• परवाना हातात नसेल तर फक्त ऐका. कॅलिब्रेशनची पहिली पायरी तर निव्वळ ऐकण्याचीच आहे.

दुकानातून आणलेली वस्तू कुणीतरी आधीच तपासलेली असते. आपण बनवलेल्या वस्तूची जबाबदारी आपली. या शनिवारी मॉलचा बेत रद्द करा, अ‍ॅप उतरवून घ्या आणि बघा तुमचा डबा किती पीपीएमनं थापा मारतोय ते!