तडजोड झाली, जाब कोण देणार?

भरपाई दिली म्हणजे खाते बंद झाले, असे सार्वजनिक संस्थांना मानता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या एका डॉक्टरने शेकडो मुली-तरुणींचे लैंगिक शोषण केले. २०१८ साली विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची तडजोड केली; पैकी ४२.५ कोटी ३३२ तक्रारदारांना, उरलेले पुढील दाव्यांसाठी. परिसर-सुरक्षेचा कायदा न पाळल्याबद्दल २०१९ मध्ये केंद्र सरकारने ४५ लाखांचा दंडही ठोठावला.

पैसे मिळाले, पण कागद मिळेनात! वकिली गोपनीयतेची ढाल पुढे करून विश्वस्त मंडळाने सहा हजारांवर कागद अडवून ठेवले. ते राज्याच्या महाधिवक्त्यांना देण्याचा ठराव झाला डिसेंबर २०२३ मध्ये. त्यांत नवे काही नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. मग इतकी वर्षे लपवले कशासाठी? विशेष म्हणजे हे आठही विश्वस्त राज्यातील मतदारांनी निवडून देण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे राज्य कोणतेही असो, शासकीय विद्यापीठांना माहिती अधिकार कायदा, २००५ लागू आहे. कोर्टकचेरीवर खर्च किती, तडजोडी किती आणि त्यानंतर कोणते नियम बदलले, हे पालकांनी लेखी विचारावे. पैसा जनतेचा, तेव्हा जाब विचारण्याचा हक्कही जनतेचाच.