आज राइड बंद आहे

अम्युझमेंट पार्कला जाऊन आलेल्या माणसाला होस्टेलवर पहिला प्रश्न काय विचारतात? 'काय रे, टरकली का?' राइड किती उंच होती, गाडी चढावर जाताना टक्-टक् आवाज कसला येत होता, मागच्या डब्यात जास्त मजा आली की पुढच्या, हे कोणी विचारत नाही. जो बसला तो वाघ, आणि जो खाली सगळ्यांच्या बॅगा सांभाळत उभा राहिला तो फट्टू, असा आपला सरळसोट हिशोब! आणि मग त्या बिचाऱ्याला वर्षभर चिडवायचं.

मित्रांनो, मला हा हिशोबच मान्य नाही. रोलर कोस्टरमध्ये बसायला कसलं आलंय धाडस? आपण सीटवर बसतो, बार खाली ओढतो आणि दोन मिनिटं बोंबलतो. यात आपलं कर्तृत्व शून्य. कर्तृत्व ज्यांचं असतं ते त्या वेळी गाडीत नसतातच. एकानं कुठेतरी लांब बसून तो ट्रॅक डिझाइन केलेला असतो आणि दुसऱ्यानं त्याच दिवशी सकाळी, पार्कचं गेट उघडायच्या आत, तो ट्रॅक तपासलेला असतो. आपण त्या दोघांच्या भरवशावर ओरडत असतो, एवढंच.

मला या राइड्सचं वेड आहे हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. 'तेच तेच गोल फिरण्यात काय ठेवलंय?' असं अनेक जण विचारतात. पण जगात असे वेडे भरपूर आहेत. अमेरिकेत १९७८ सालापासून 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स' नावाची चक्क संस्था आहे. ही मंडळी वेगवेगळ्या गावी जाऊन राइड्स घेतात आणि बसलेल्या प्रत्येक नव्या कोस्टरचा एक 'क्रेडिट' धरतात. आपल्याला सेमिस्टरचे क्रेडिट मिळवता मिळवता नाकी नऊ येतात आणि हे लोक हसत-खेळत शेकड्यांनी कमावतात! न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२७ साली बांधलेली 'सायक्लोन' ही लाकडी कोस्टर आहे. सत्तरच्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी ती पाडायचं घाटत होतं. लोकांनी मोहीम काढून ती वाचवली आणि १९७५ साली दुरुस्त होऊन ती पुन्हा धावू लागली. लाकडाच्या सांगाड्यासाठी माणसं भांडली, कारण त्यांनी त्या यंत्रावर प्रेम केलं होतं.

असं वेड लागलं की माणूस नुसता बसत नाही, बघायला लागतो. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारी सगळी हत्यारं आपल्याकडे फर्स्ट इयरपासून असतात. याच सायक्लोनचं उदाहरण घ्या. तिची उंची ८५ फूट आणि वेग ताशी ६० मैल असं जागोजागी छापलेलं असतं. आता जरा कॅल्क्युलेटर काढा. ८५ फूट म्हणजे साधारण २६ मीटर. टू-जी-एचचं वर्गमूळ काढा. घर्षण शून्य धरलं, वाऱ्याला सुट्टी दिली, तरी उत्तर येतं सेकंदाला साडेबावीस मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर, म्हणजे ५० मैल! साठ मैल येणार कुठून? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम जाहिरात विभागाला लागू नसावा बहुतेक.

शेवटच्या डब्यात जास्त मजा का येते, हेही असंच. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा निम्मी गाडी अजून मागच्या चढावरच असते, त्यामुळे तो हळूहळू खाली झुकतो. शेवटचा डबा माथ्यावर पोचेपर्यंत पुढची सगळी गाडी उतारावर धावायला लागलेली असते आणि ती याला खस्सकन ओढून नेते. सीटवरून उचलल्यासारखं वाटतं ते तिथे. शौकीन लोक त्याला 'एअरटाइम' म्हणतात आणि त्यासाठी मागच्या सीटची रांग मुद्दाम धरतात.

आणि लूप? फिजिक्सच्या पेपरात लूपचा प्रश्न आपण सगळ्यांनीच सोडवलाय. पूर्ण गोल लूपच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकली, म्हणजे सीटचा दाब शून्य झाला, तर तळाशी तो वजनाच्या सहापट येतो. साठ किलोच्या पोराला तळाशी आपण ३६० किलोचे झालो असं वाटणार! ही नुसती पेपरातली गोष्ट नाही. कोनी आयलंडवरच १८९५ साली 'फ्लिप फ्लॅप' नावाची गोल लूपवाली राइड सुरू झाली होती आणि ती लोकांच्या माना अवघडवण्यासाठीच प्रसिद्ध झाली. यावर टिकाऊ उत्तर मिळालं ते १९७६ साली. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये 'रेव्होल्यूशन' ही राइड उभी राहिली. अँटोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडगोळीनं लूप गोल न ठेवता पाण्याच्या थेंबासारखा केला. तळाशी त्रिज्या मोठी, माथ्याशी लहान. वेग जास्त असतो तिथे वळण मवाळ आणि वेग कमी होतो तिथे वळण कडक. या वक्राचं नाव क्लोथॉइड. सिव्हिलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? सर्व्हेइंगमध्ये रस्त्याच्या आणि रेल्वेच्या वळणासाठी जो ट्रान्झिशन कर्व्ह घोकून व्हायव्हाला जाता, तोच हा!

पण मला सगळ्यात जास्त आवडतात ते या यंत्रातले 'नाही' म्हणणारे भाग. चढावर येणारा टक्-टक् आवाज साखळीचा नसतो. टीओएमच्या पुस्तकातला रॅचेट आणि पॉल तिथे आपलं काम करत असतो. साखळी तुटली, लाइट गेली, काहीही झालं तरी गाडी मागे घसरू द्यायची नाही, हे त्याचं एकच काम. चाकं रुळावर असतात तशी रुळाच्या बाजूला आणि खालीही असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ साली मिळवलं, म्हणून माथ्यावर आपण उचलले गेलो तरी गाडी रूळ सोडत नाही. चुंबकी ब्रेकला तर वीजच लागत नाही. कायमचुंबकांमधून धातूची पट्टी गेली की एडी करंट तयार होतात आणि लेन्झचा नियम गाडी आवळतो. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या महाराष्ट्राला याचं मोल वेगळं सांगायला नको.

न्यू जर्सीतली 'किंगडा का' २००५ ते २०२४ अशी एकोणीस वर्षं चालली. २०२५ मध्ये ती पाडून टाकली. उंची १३९ मीटर आणि सुरुवातीचा धक्का ताशी २०६ किलोमीटरचा. गणितानं एवढ्या वेगात गाडी १६७ मीटर चढायला हवी, म्हणजे वरचे २८ मीटर हवेसाठी आणि घर्षणासाठी राखून ठेवलेले. तरीही कधी कधी गाडी माथ्यापर्यंत पोचायची नाही आणि उलटी खाली यायची! पण हे होणार हे डिझाइन करणाऱ्यानं आधीच धरलेलं होतं. गाडी सुटली की मागे ब्रेकच्या पट्ट्या वर यायच्या आणि परत आलेली गाडी अलगद थांबायची. आपलं यंत्र फसेल हे आधी मान्य करून मग ते बांधणं, याला मी मोठं इंजिनिअरिंग म्हणतो.

मग अपघात होतातच कसे? इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कमधली 'स्मायलर' राइड याचं उत्तर देते. २ जून २०१५. ट्रॅकवर चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी मध्येच अडकली होती. रेल्वेप्रमाणे इथेही ब्लॉक सिस्टीम असते, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा नाही हे पाहून यंत्रणेनं सोळा प्रवासी असलेली मागची गाडी थांबवली. म्हणजे यंत्र बरोबर 'नाही' म्हणालं. खाली काम करणाऱ्यांना वाटलं, ट्रॅक मोकळा आहे, सिस्टीमच उगाच अडवतेय. त्यांनी तो नकार ओलांडून गाडी पुढे सोडली. धडक झाली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. तपासात ट्रॅकमध्ये, गाडीत, कंट्रोल सिस्टीममध्ये दोष सापडला नाही. दोष निघाला कामाच्या पद्धतीत. २०१६ साली कोर्टानं कंपनीला ५० लाख पौंड दंड केला.

हे वाचलं की मला आपली लॅब आठवते. ट्रिप झालेला एमसीबी 'काही नाही रे, कर वर' म्हणून किती सहज वर करतो आपण! तो का पडला हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं कोणाकडेच नसतात.

आपल्या देशातही हे दुखणं आहे. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कमध्ये लंबकासारखी झुलणारी राइड तुटून खाली आली. दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून जास्त माणसं जखमी झाली. रविवारची संध्याकाळ, घरची मंडळी घेऊन गेलेली माणसं! अशा बातमीनंतर दोन दिवस सगळीकडे 'पार्क बंद करा' असा ओरडा होतो आणि तिसऱ्या दिवशी सगळं विसरून आपण रांगेत. मला दोन्ही पटत नाही. राइड्स बंद करून काय साधणार? आपल्या आईबाबांच्या पिढीनं १९८९ साली सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये जी मजा केली (ते आता बंद झालंय), ती आपण खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 'नायट्रो'च्या चाळीस मीटर उंचीवर करतो. ती मजा खरी आहे आणि ती प्रत्येकाला मिळाली पाहिजे. पण ती मजा रोज सकाळी नव्यानं तयार करावी लागते, पान्यानं आणि ग्रीसनं. हे आपण, म्हणजे निदान इंजिनिअर होऊ घातलेल्यांनी, विसरता कामा नये.

आणि विसरतो कसे ते बघा. प्लेसमेंटच्या वेळी प्रत्येकाला सॉफ्टवेअर पाहिजे, नाहीतर डिझाइन पाहिजे. मेंटेनन्स म्हटलं की तोंडं वाकडी होतात. 'चार वर्षं शिकून नट आवळायचे का?' हो, आवळायचे! श्टेंगेलचा क्लोथॉइड कितीही सुंदर असला तरी तो ज्या बोल्टवर उभा आहे तो सैल असेल तर त्या सौंदर्याला विचारतो कोण? क्रॅक शोधणाऱ्या, चाकाची झीज मोजणाऱ्या आणि शेवटी वहीत सही करणाऱ्या माणसाच्या सहीवर शेकडो लोकांचे जीव असतात. त्या सहीला आपल्या डोक्यात मान नाही, हे मला खटकतं.

या माणसाची खरी परीक्षा कधी होते माहीत आहे? बाहेर दोन तास रांग लागली आहे, लोकांनी महाग तिकिटं काढली आहेत, लहान मुलं रडत आहेत, साहेबांचा फोन येतोय, आणि त्याच वेळी त्याला एक सेन्सर चुकीचं दाखवतोय अशी शंका आहे. सेन्सर चुकीचा की ट्रॅक चुकीचा, हे कळेपर्यंत त्यानं बाहेर पाटी लावायला हवी, 'आज राइड बंद आहे.' आपण मात्र पाटी दिसली की हुर्यो करतो, शिट्ट्या मारतो, पैसे परत मागतो. पैसे जरूर मागा, तो हक्क आहे. पण हुर्यो करून आपण त्या माणसावर तोच दबाव टाकतो, ज्या दबावाखाली कोणीतरी म्हणतं, 'काही नाही रे, सोड गाडी!'

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पार्कला जा, भरपूर राइड्स घ्या, पण शौकिनासारख्या घ्या. खाली उभं राहून गाडीची लांबी अंदाजा, एका खांबासमोरून पूर्ण गाडी जायला किती वेळ लागतो ते मोजा, भागाकार करा आणि बोर्डावरचा वेग तपासा. ऑपरेटर प्रत्येकाचा बार स्वतः ओढून बघतो का, याकडे लक्ष ठेवा. बघत नसेल तर खुशाल उतरा, मग कोणी फट्टू म्हणालं तरी चालेल. गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसण्याआधी सांध्यातल्या पिना आणि पायाखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे एक नजर टाका. मित्राला बसायचं नसेल तर त्याला ओढत नेऊ नका, त्याला नाही म्हणायचा अधिकार आहे. आणि सरांना एक विनंती, इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी दरवर्षी त्याच त्या कारखान्यांऐवजी एकदा एखाद्या पार्कची मेंटेनन्स शेड दाखवायला न्या. फटिग, एनडीटी, पीएलसी, इंटरलॉक, सगळं एका छपराखाली बघायला मिळेल. आणि त्या दिवशी रिपोर्ट कॉपी करायची वेळ कोणावर येणार नाही, याची खात्री मी देतो.

तिथे गेलो की एकानं तरी त्या शेडमधल्या माणसाला विचारावं, 'काका, तुम्ही राइड शेवटची कधी आणि का बंद ठेवली होती?' त्याचं उत्तर नीट ऐका. चार वर्षांत आपण शिकायचं ते बरंचसं त्यात असेल.