एक सिनेमा, दोन कुकर

मंडळी, एक साधा प्रश्न. शनिवारी रात्री तुमच्या फ्लॅटवर जेवायला काय असतं? खरं सांगा हं! मागवलेला पिझ्झा, नाहीतर कालची उरलेली बिर्याणी, नाहीतर ‘भूक नाहीये यार’ म्हणत ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवलेली मॅगी. आणि बघायला? प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल, कानात आपापले इअरफोन. एका हॉलमध्ये चार माणसं आणि चार सिनेमे! आठवडाभर ऑफिसात ‘टीम, टीम’ करत राबायचं आणि वीकेंडला स्वतःच्याच घरात एकेकटं बसायचं, हा काय फंडा आहे बॉस?

म्हणून या वेळी माझा शनिवार तुमच्याशी शेअर करतेय. तो एकाच वेळी दोन गावांत साजरा होतो. एक पुण्यात, आम्ही तिघी राहतो त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि दुसरा वाशिमला, आईकडे.

वाशिम. वाशी नव्हे! (पुण्यात हे मला महिन्यातून दोनदा तरी सांगावं लागतं.) १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला विदर्भातला जिल्हा, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. गावाचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखर नावाच्या कवीने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लागतं ते याच वत्सगुल्मात. थोडक्यात, एंटरटेन्मेंटचं मंगल कार्यालय आमच्याच गावी, असं मी रूममेट्सना ऐकवत असते. त्या म्हणतात, ‘हो का? मग आजची भांडी तू घास.’

आता या शनिवारामागचं कारण. बाबा गेले तेव्हापासून आई वाशिमच्या घरात एकटी असते. पुण्याला ये म्हटलं की ‘तिथं माह्यं काय काम?’ असं विचारते. रोज रात्री फोन व्हायचा. ‘आई, जेवलीस का?’ ‘जेवली व बाई. तू जेवली का?’ विषय संपला. मागच्या दिवाळीला घरी गेले, तर उन्हाळ्यात मीच भरून ठेवलेला तुरीच्या डाळीचा डबा जवळजवळ तसाच. शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं, रात्रीची चूल बंदच असते, चहा आणि टोस्टवर भागतं. आईला विचारलं, तर म्हणाली, ‘एकल्या जीवासाठी काय कुकर लावायचा व?’

गंमत बघा. हेच वाक्य आमच्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून चारदा ऐकू येतं! ‘एकटीसाठी कुठे करत बसू?’ म्हणजे आजार तोच. पेशंट एक सत्तावन्न वर्षांची आणि एक सत्तावीस वर्षांची, एवढाच फरक. उपदेश करून काही होणार नव्हतं, कारण उपदेशात ती माझी गुरू आहे. पण एक दुखती नस मला ठाऊक होती. आई पिक्चरची वेडी आहे.

मग ठरलं. शनिवारी रात्री साडेआठ. दोन्ही घरांत एकच पदार्थ, आणि तो अर्ध्या-पाऊण तासात व्हायला हवा. दोन्ही घरांत एकच सिनेमा किंवा शो, एकाच वेळी ‘प्ले’. फोन स्पीकरवर. एका शनिवारी निवड तिची, पुढच्या शनिवारी आमची. मध्ये एकच ब्रेक, वाढून घेण्यासाठी. गेल्या काही महिन्यांतल्या हिट जोड्या पुढे देतेय. बिनधास्त ढापा.

‘अशी ही बनवाबनवी’ आणि चून

पहिला शनिवार कसा सुरू करायचा, याला दुसरं उत्तर असूच शकत नाही. १९८८चा सचिनचा सिनेमा. पुण्यात खोली शोधणारे चार मित्र, लग्न झालेल्यांनाच जागा देणारी मालकीण आणि मग साडी नेसून ‘बायको’ झालेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे. एवढी वर्षं झाली, पण पुण्यात घर शोधायला निघालेल्या बॅचलर मंडळींना हा सिनेमा आजही डॉक्युमेंटरी वाटतो!

चून म्हणजे तुमचं पिठलं. कढईत तेल घ्या, हात आखडू नका. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला कांदा परतून घ्या. हळद, तिखट, मीठ आणि अडीच वाट्या पाणी घाला. खळखळून उकळी आली की एका हाताने वाटीभर बेसन भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातातल्या सराट्याने घोटत राहायचं (सराटा म्हणजे उलथनं). गुठळ्यांची भीती वाटत असेल तर बेसन आधीच थोड्या पाण्यात कालवून घ्या, कोणी बघत नाहीये. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. वरून सांभार. हा सांभार इडलीबरोबरचा नव्हे बरं का, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्यात पहिल्याच आठवड्यात ‘दहा रुपयांचा सांभार द्या’ म्हटल्यावर भाजीवाल्या मावशींनी मला समोरच्या उडप्याकडे धाडलं होतं.

त्या रात्री एक टेक्निकल लोचा लक्षात आला. आईचा सिनेमा आमच्यापेक्षा तीन-चार सेकंद पुढे चालत होता. त्यामुळे प्रत्येक जोकवर आधी फोनमधून आईचं हसू यायचं आणि मग आम्हाला जोक कळायचा. रूममेट म्हणाली, पॉज करून जुळवून घेऊ या का? मी नको म्हटलं. बऱ्याच दिवसांनी ते हसू ऐकत होते. जोक काय, आम्हाला पाठच होते.

वऱ्हाडी कॉमेडी आणि कच्चा चिवडा

हा कंटाळलेल्या शनिवारचा मेन्यू. गॅस पेटवायचाच नाही. दोन मोठे वाडगे मुरमुरे, त्यावर दोन चमचे कच्चं तेल, तिखट, मीठ, मूठभर शेंगदाणे, मूठभर फुटाणे. हाताने चोळून घ्या. खायच्या अगदी आधी कच्चा कांदा, हिरवी मिरची, सांभार आणि लिंबू घाला. आधी घातलंत तर मुरमुरे मऊ पडतात आणि मग त्यात राम नाही.

या चिवड्याचं आणि पिक्चरचं नातं जुनं आहे. माझ्या लहानपणी रविवारी दुपारी सह्याद्रीवर मराठी सिनेमा लागायचा. समोर परातभर चिवडा, भोवती गल्लीतली पोरं. ते दिवस लोडशेडिंगचे. हिरो व्हिलनच्या अड्ड्यावर पोचला रे पोचला की लाइट गुल! मग उरलेली स्टोरी आई सांगायची. कॉलेजात असताना मी त्यातले काही सिनेमे शेवटपर्यंत पाहिले आणि माझ्या लक्षात आलं की आईने ते आधी कधी पाहिलेलेच नव्हते. शेवट ती मनानेच जुळवत होती. आणि खरं सांगते, तिचे काही शेवट ओरिजिनलपेक्षा सॉलिड होते.

अशा रात्री आम्ही भारत गणेशपुरेंची जुनी स्किट्स लावतो. अमरावतीकडचा हा माणूस ‘फू बाई फू’ आणि २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधून आपली वऱ्हाडी घेऊन घराघरांत पोचला. आईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टीव्हीच्या जवळ सरकून बसली होती. ‘हा त आपल्यावानी बोलते व!’ तिच्या आवाजात जो आनंद होता, तो मला पुण्यात आल्यावर कळला. मास कॉमच्या पहिल्या वर्षी मी ‘करून राहिली’ हे गिळून ‘करतेय’ म्हणायला शिकले होते. आता शनिवारी फोन स्पीकरवर असतो, म्हणून रूममेट्सही ‘काय करून राहिली व?’ म्हणायला लागल्यात. त्यातली एक सांगलीची आहे. तिची वऱ्हाडी ऐकणं हाच एक वेगळा कॉमेडी शो आहे.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आणि सोलेभात

हा फक्त थंडीतला मेन्यू. लक्ष्मण देशपांडे एकटे स्टेजवर उभे आणि भूमिका ५२! माझ्या सांगलीकर रूममेटला वाटलं होतं की हे वऱ्हाड म्हणजे आमचं वऱ्हाड. आईने फोनवरून शिकवणी घेतली : हे लग्नाचं वऱ्हाड, बोली मराठवाड्याची, आपला काही संबंध नाही, ‘पण हसाले काय जाते?’

सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांचे हिरवे दाणे. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात. सोयाबीन काढून झालं तरी तूर शेतात उभी असते आणि डिसेंबर-जानेवारीत ओल्या शेंगा मिळतात. आई सोलून, पिशवीत बांधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवते. सोले नसतील तर मटार घ्या, थोडं मन मारावं लागेल. कुकरमध्ये तेल, जिरं, कांदा, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, वाटीभर सोले आणि धुतलेला वाटीभर तांदूळ परता. हळद, गोडा मसाला, मीठ, दोन वाट्या गरम पाणी. दोन शिट्या. बास!

‘गाभ्रीचा पाऊस’ आणि चिकोल्या

ही निवड माझी होती आणि आधी मला थोडी धास्ती होती. सतीश मन्वर यांचा २००९चा सिनेमा. ‘गाभ्रीचा’ हा आमच्याकडे वैतागून घातलेल्या शिवीचा शब्द. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात भीती बसते की आपला नवराही तसंच काही करील. ती त्याच्यावर लक्ष ठेवते, लहान पोराला त्याच्या मागे मागे धाडते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी, दोघंही जबरदस्त. कापूस, कर्ज, न येणारा पाऊस. २००६मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात वाशिमही होतं. हे आमच्याकडे बातम्यांतलं नाही, ओळखीतलं आहे.

अशा सिनेमाला ताटात पोळी-भाजीचा पसारा नको. म्हणून चिकोल्या, म्हणजे वरणफळं. अर्धी वाटी तुरीची डाळ शिजवून, घोटून चांगली पातळ करा. त्याला लसूण, जिरं, कढीपत्ता, तिखट, हळद, गूळ आणि आमसूल घालून फोडणीचं वरण करा. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवा, पोळी लाटा आणि शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा. वरण उकळत असतानाच एकेक तुकडा सोडायचा, नाहीतर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वर तुपाची धार. मांडीवर वाटी, हातात चमचा, डोळे स्क्रीनवर.

सिनेमा संपला. बराच वेळ स्पीकरवर काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आई म्हणाली, ‘त्या बाईनं नवऱ्यावर पहारा ठेवला. अन् तू दर शनिवारी तेच करून राहिली ना, माह्यावर?’

मी गप्प. रूममेट्स आपापल्या वाटीत बघायला लागल्या. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून ‘हो’ म्हटलं. पलीकडून भांड्यात पळी खरवडल्याचा आवाज आला. ‘ठेव मग पहारा. म्या दुसऱ्यांदा वाढून घेतलं.’

त्या रात्रीनंतर एक बदल झाला. आधी ती ‘काय करायचं ते सांग’ म्हणायची. आता बुधवारपासूनच तिचे फोन सुरू होतात. या शनिवारी काय लावता? कांदे आहेत का घरात? शेजारच्या काकू येऊन बसतात, त्यांच्या सूनबाईही. काकूंना मारामारीचे पिक्चर आवडतात, त्यामुळे मतदान होतं आणि आमचा पुण्याचा पक्ष बहुतेक वेळा हरतो.

तर वाचकहो, तुम्हाला करायचं एवढंच आहे. मोबाईलमध्ये असा एक नंबर शोधा, जिथून रोज ‘जेवले’ असं उत्तर येतं आणि तुम्हाला ते फारसं खरं वाटत नाही. आई असेल, आजोबा असतील, नाहीतर पलीकडच्या रूममधलाच, दिवसभर दार लावून बसलेला फ्लॅटमेट. त्याला ‘जेवत जा’ असं सांगू नका. ‘शनिवारी साडेआठला काय बघायचं?’ एवढंच विचारा, आणि सोबत एका सोप्या पदार्थाचं नाव सांगा. आठवड्यातून एकदाच कुकर लागेल, हे मान्य. पण त्यासाठी कांदे आणावे लागतात, डाळ आणावी लागते. आणि ती घरात आली की बाकीच्या दिवशीही शिजते.

गेल्या महिन्यात एका स्टोरीसाठी मी नागपुरात अडकले होते. साडेसात वाजता आईला फोन केला, आज जमणार नाही म्हणून. मागे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, ‘काही हरकत नाही व, आम्ही पाहून राहिलो. आज दोन वाट्याचा लावला. तू जेवून घेजो.’