शंका कुठली, ते आधी विचारा

हवामानबदलावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला आपण एकाच माळेचे मणी समजतो आणि तिथेच गफलत होते. जर्मन हवामानशास्त्रज्ञ स्टेफान रामस्टोर्फ यांनी या मंडळींचे तीन गट पाडले होते: तापमान वाढतच नाही म्हणणारे, वाढतंय पण त्यात माणसाचा हात नाही म्हणणारे, आणि हात असला तरी बिघडलं काय, असं विचारणारे. वर्गवारी उपयोगाची आहे. पण पुरावा समोर आल्यावर माणूस जागचा हलतो का, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांची शंका नेमकी होती. तापमान मोजणारी कितीतरी केंद्रं डांबरी रस्त्यांलगत, इमारतींना खेटून असतात. भोवती शहर वाढलं की पारा चढणारच, मग त्यालाच जागतिक तापमानवाढ म्हणायचं का? त्यांनी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या, शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढून पाहिली. वाढ तिथेही दिसली. अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलं आणि त्याला जवळजवळ सर्वस्वी माणूस जबाबदार आहे, असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. याउलट, निकाल काहीही लागो, स्वीकारीन असं आधी सांगणारे ब्लॉगर अँथनी वॉट्स निकाल हाती येताच पद्धतीत खोट काढू लागले. दोघांनी बोट ठेवलं होतं ते त्याच केंद्रांवर.

शंकेला अशी दाद दिली तर खोट्या प्रचाराला बळ मिळेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण झिडकारण्याची किंमतही मोजावी लागते. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात छापलं गेलं. हिमनद्यांच्या माघारीत वावगं काही दिसत नाही, असं भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये मांडलं, तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हटलं. दोनच महिन्यांनी २०३५ चा दावा मागे घ्यावा लागला. रैनांचं सगळं खरं होतं असं नाही. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा बर्फ २०११ ते २०२० मध्ये आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला, असं इसिमोड या पर्वतीय प्रदेशांवर काम करणाऱ्या संस्थेचा २०२३ चा अहवाल सांगतो. पण शिव्याशाप न देता वाद झाला असता, तर चूक आयपीसीसीनेच आधी पकडली असती.

आपल्याकडे मात्र वेगळाच सूर जास्त ऐकू येतो: आधी अमेरिकेने उत्सर्जन कमी करावं. आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन सुमारे दोन टन, त्यांचं चौदाच्या आसपास, तेव्हा त्यात तथ्य आहेच. हा हिशेबाचा आणि न्यायाचा वाद आहे. तो घालणाऱ्याला तापमानाचे आलेख दाखवून काय उपयोग?