शिक्षक की माहिती भरणारा कारकून?

नवे यंत्र आले की शिक्षकाचे ओझे हलके होईल, असा डांगोरा राज्यकर्ते गेली अनेक वर्षे पिटत आहेत. प्रत्यक्षात काय घडले? उत्तर प्रदेश सरकारने ८ जुलै २०२४ पासून प्राथमिक शिक्षकांवर डिजिटल हजेरी लादली. पावसात तुटणारे रस्ते, खेड्यात कोलमडणारे इंटरनेट, अर्ध्या दिवसाच्या रजेचीही नसलेली सोय, यांपैकी कशाचाच विचार झाला नाही. शिक्षकांनी काळ्या फिती लावून काम केले, ते रस्त्यावर उतरले. १६ जुलैला सरकारला आदेश स्थगित करणे भाग पडले.

शिक्षकांना हजेरीच नको आहे, हा अपप्रचार होय. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र कोणाच्या हाती आणि कशासाठी, हा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करते. मग पोषण आहाराची आकडेवारी, छायाचित्रे, निरनिराळ्या ॲपवरील नोंदी हे कोणते अध्यापन? २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी असून त्यांत ३३ लाखांवर मुले शिकतात. तेथील एकुलता एक शिक्षक मोबाईलमध्ये माहिती भरू लागला की फळ्यासमोर कोणीच उरत नाही!

दुसरा मार्ग नाही काय? आहे. केरळात शालेय संगणक शिक्षणाचा सार्वजनिक प्रकल्प २००१ साली उभा राहिला आणि पुढे त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार केला. महामारीत, १ जून २०२० पासून, सरकारी वाहिनीवर शिक्षकांनीच वर्ग घेतले. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता त्यांच्यासाठी ग्रंथालयांत व सार्वजनिक केंद्रांत सोय करण्यात आली. तेथे यंत्राने शिक्षकाचा आवाज दूरवर नेला. उत्तर प्रदेशात त्याच यंत्राने त्याच्यावर पहारा बसवू पाहिला.

म्हणून यंत्रविरोधाचा आरोप शिक्षक चळवळीने ठामपणे फेटाळला पाहिजे. रिक्त पदे तातडीने भरा, नोंदींसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमा, शिक्षक संघटनांशी चर्चा केल्याविना कोणतीही डिजिटल सक्ती करू नका, या मागण्यांवर पालकांनाही संघटित केले पाहिजे. कारण हा लढा केवळ शिक्षकाच्या नोकरीचा नाही. गरिबाच्या मुलाला समोर उभा असलेला, शिकवणारा माणूस मिळण्याच्या हक्काचा तो लढा आहे.