ठेव कुणाची, पावती कुणाच्या नावावर?

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना माणसांच्या आणि प्राण्यांच्या पेशी पुरवते. अशा साठ्याला ‘पेशींची बँक’ म्हणतात. हयात बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला लगेच प्रश्न पडतो : खातेदार कोण?

टिश्यू कल्चरची केळी आपल्या परिचयाची आहेत. प्राण्यांच्या पेशींचे तंत्र थोडे निराळे. त्या ३७ अंशांच्या उबेत, पोषक द्रावणात, बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरला की वाढ मंदावते. मग ट्रिप्सिनने त्यांना सोडवून थोड्या थोड्या नव्या बाटल्यांत घालायच्या. रोज नव्या दुधाला कालचे विरजण लावावे तसे. उरलेल्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. ही खरी मुदत ठेव!

सर्वसाधारण मानवी पेशी साधारण पन्नास विभाजनांनंतर थकतात. न थकणाऱ्या पहिल्या मानवी पेशी मिळाल्या १९५१ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची कृष्णवर्णीय आई कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. त्याच ऑक्टोबरात ती गेली. पेशी मात्र दिवसागणिक दुप्पट होत राहिल्या, पोलिओच्या लशीची चाचणी त्यांच्यावर झाली, पुढे त्यांचा व्यापारही झाला. घरच्यांना हे कळले १९७०च्या दशकात. वारसांनी २०२१ मध्ये एका अमेरिकन कंपनीवर दावा लावला. २०२३ मध्ये तडजोड झाली. अटी गुप्त, त्यामुळे मूळ प्रश्नावर निकाल नाहीच.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मूर खटल्यात म्हटले होते की, डॉक्टरने आपला स्वार्थ रुग्णाला सांगायला हवा; पण काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही. प्रत्येक रुग्ण हिस्सा मागू लागला तर संशोधन अडेल, हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. गाठीच्या तुकड्याला किंमत येते ती प्रयोगशाळेतल्या कष्टांनी. पण ठेवीदाराला न सांगता त्याची ठेव फिरवण्याला आमच्या खात्यात वेगळा शब्द होता.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत पुढे आहेत : नमुना देणाराच मालक, संस्था केवळ विश्वस्त. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या नातेवाइकापुढे फॉर्म येतात आणि ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणून बोट दाखवले जाते. संशोधनासाठीचा कागद त्या गठ्ठ्यातून बाहेर काढावा. तो मराठीत असावा आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यावर सही त्याचीच हवी, मेहुण्याची नव्हे.