नदी आणि कारखाना यांतील अंतर

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातील गाव भीमेच्या खोऱ्यात, दौंड तालुक्याच्या सीमेलगत वसले आहे. पुण्याचे सांडपाणी घेऊन निघालेली मुळा-मुठा भीमेला मिळते, ती ह्या गावाच्या वरच्या अंगाला. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतीही ह्याच दोन तालुक्यांत आहेत. अशा मुलखात कारखाना नदीपासून किती दूर असावा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या विहिरीशी निगडित आहे.

राज्य सरकारने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखले आणि २००९ साली ते सुधारले. नदीचा वर्ग व कारखान्याचा लाल, नारिंगी वा हिरवा गट पाहून त्यात अंतर ठरविलेले होते. २०१५ साली ते धोरणच रद्द करण्यात आले. १९७४ चा जलप्रदूषण कायदा व नियंत्रण मंडळाची संमती पुरेशी आहे, असे ह्या निर्णयाचे समर्थक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. सांडपाण्याची शुद्धीकरण यंत्रणा चालू असेल तोवर संमतीपत्राला अर्थ आहे. ती बंद पडली किंवा मुद्दाम बंद ठेवली, की नदीच्या रक्षणाला उरते ते केवळ अंतर!

कारखाने नकोत, असे आमचे म्हणणे नाही. तरुणांना काम हवेच. परंतु जागा निवडताना नदीचा विचार आधी झाला पाहिजे. सरकारने अंतराचा नियम पुन्हा आणावा, आणि ह्या वेळी त्याला कायद्याचे बळ द्यावे. पुणेकरांनीही ह्या मागणीस साथ द्यावी. आपण वापरून सोडलेले पाणीच खालच्या गावांच्या वाट्याला येते.